वेशीबाहेरची खोप

माझा धाकटा दीर मोहन गेल्याची बातमी मला त्याच्या मुलाने, संजयने, मागच्या दारी येऊन दिली. मी कुळीथ पाखडत होते. "काकी, बाबा गेले," म्हणाला. मी सूप खाली ठेवलं आणि विचारलं, "चाय घेतल्यान हुती काय?" घेतला होता म्हणाला. बरं झालं... उपाशी गेला नाही.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा मोहन चौथीत होता. माझं शिक्षणही तेवढंच. पुढे तो मुंबईच्या कॉलेजात इतिहास शिकवू लागला. इंग्रजांच्या वेळच्या साथी, दवाखाने, लस टोचणं, हा त्याचा विषय. सुट्टीत आला की मला ऐकवायचा, कारण घरात दुसरं कोणी ऐकत नसे. साहेबाला म्हणे इथली हवाच विषारी वाटायची. ताप मातीच्या वाफेतून येतो, असं मानून तो सड्यावर, डोंगरमाथ्याच्या कातळावर, उंच बंगला बांधून राहायचा आणि खाली रस्त्याला भराव घालून वहाळाचं पाणी अडवायचा. पाणी तुंबलं, डास झाले, ताप आला, की दोष पुन्हा आमच्या हवेला. एकदा तो हे सांगत होता तेव्हा नव्या रस्त्याच्या भरावाने आमचाही वहाळ तुंबलेला आणि वाडीत डेंग्यू होता. मी म्हटलं, "साहेब गेलो मरे. आता व्हाळ कोण बुजवता?" तो हसत सुटला. "वयनी, तू माझ्या वर्गात आसतंस तर माझी नोकरी गेली आसती."

आमच्या गावात काही वर्षांनी देवाचा कौल होतो आणि गावपळण लागते. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी तीन रात्री वेशीबाहेर खोपी बांधून राहतात. परतीचा कौल होईपर्यंत कोणी आत पाऊल टाकत नाही. मोहन दरवेळी यायचा, पण बघायला. ही प्लेगच्या काळातली सवय, असं त्याचं म्हणणं. मी म्हणायची, त्याच्याही आधीची. पुरावा दोघांकडेही नव्हता, म्हणून भांडण छान चालायचं. एक गोष्ट मात्र तो फार आवडीने सांगायचा. "प्लेगात साहेबान शिपाय धाडून लोकांका घराभायर काढल्यान, तर लोक उलाटले. आणि हंय बघ. नुसतो कौल झालो, तर आख्खो गाव कोंबड्यांसकट भायर. कोणाक मारूक नको, दटावूक नको. घरांका हवा, मातयेक इसावो."

या खेपेला त्याची फुप्फुसं निकामी होत आली होती. संजय नको म्हणाला. मीही म्हटलं, "येडो झालंस काय रे? थंय दवात मरशीत." तर म्हणतो, "बघूक लय वेळा गेलंय गो. आता रवाक जातलंय."

गेला. वहाळापलीकडे शेजारच्या गावातल्या एकाच्या शेतात आम्ही माडाच्या झापांची खोप घातली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी आभाळ भरलं आणि पाऊस कोसळला. मार्गशीर्षात पाऊस! भात कापून झाल्यावर, कोरड्या थंडीत गाव बाहेर काढायचा हिशेब ज्याने घातला, त्याने हे आभाळ पाहिलं नव्हतं. खोप गळू लागली. मोहनचा श्वास शिट्टीसारखा वाजू लागला. वहाळापलीकडे आमचं कौलारू घर समोर दिसत होतं... कोरडं, बंद. संजय धावत गावकाराकडे गेला, कारण देवळाचा मान त्याच्याकडे. तो म्हातारा भिजतच आला आणि म्हणाला, "न्या रे तेका घराक. देव काय वैरी नाय."

देवाने सोडला, गावाने सोडला, पण मोहन उठेना. "जन्मभर सांगत इलंय, हंय कोणाक दटावूक लागना नाय म्हणान. आता पयलो मीच आत शिरू?"

संजय रडायला लागला. "बाबा, तुमचा देवावर विश्वास तरी आहे का?"

"देवाचा नाय रे. गावाचा बोलतंय."

मी संजयला म्हटलं, "रडतस कित्याक? ताडपत्री हाड." ताडपत्री घातली, बाहेर आडोशाला चूल पेटवून पेज केली. मोहनने ती प्यायली आणि मीठ कमी म्हणाला.

कौल झाल्यावर त्याला घरी आणलं. माघात तो गेला. संजय म्हणतो, त्या पावसाने नेला. डॉक्टर म्हणतात, तसाही गेलाच असता. मला दोन्ही खरं वाटतं. "काकी, तू तरी त्यांना ओढून आणायचंस," संजय अजून म्हणतो. मी त्याला सांगितलं, धडधाकट गड्याला ओढता येतं; ज्याने ठरवलंय त्याला ओढायला शिपाई लागतात.

परतताना खोप मोडायची असते. बाकीच्यांनी मोडल्या. आमची तशीच राहिली, मोहनला उचलायच्या घाईत. झापं आता करपून लाल झालीत, एक बाजू कलली आहे. संध्याकाळी मी तिथे जाऊन बसते. त्याची पाठ टेकून टेकून एका जागी झापांच्या भिंतीचा कुड आत दबला आहे, तिथे माझीही पाठ बरी बसते. परवा शेताचा मालक आला.

"आजये, खोप कधी काडतास?"

"पावसाआदी काडतंय."

"पावस आता कधी येतलो, ता कोणाक ठावक?"

"मगे घाय कसली तुका?" मी म्हटलं.