सुतकातली निवड चाचणी

वडील वारल्याच्या सहाव्या दिवशी, लातूरच्या मैदानावर, खो-खोच्या निवड चाचणीत माझ्या उजव्या गुडघ्याचं लिगामेंट तुटलं. घरी सुतक होतं. संघात ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

आमचं गाव अर्धापूरजवळ, केळीच्या पट्ट्यातलं. आबा गेल्यापासून शेजारणी जेवणाचा डबा उंबऱ्याबाहेर ठेवून जात. माझ्या वयोगटाचं ते शेवटचं वर्ष होतं. ही चाचणी चुकली तर राज्य संघ कायमचा हुकणार होता. आई म्हणाली, "जा, पण कुणाला सांगू नको. सुतकीला कोण शिवंल? अन् पाठीला हात लागल्याबिगर तुझा खेळ व्हतोय का?" खो-खोत बसलेल्या मुलीला पाठीवर थाप देऊनच उठवतात. आईचं खरं होतं. बसमध्ये मैत्रिणींनी गाणं म्हणायला लावलं, मी म्हटलं. पाच दिवस धड झोप नव्हती.

खांबाकडे झेप घेताना पाय जमिनीत अडकला. पडल्यावर मी आबांना हाक मारली आणि रडता रडता सगळं सांगून टाकलं. धावत आलेल्या मुली दोन पावलं मागे सरल्या. त्यांना दोष देत नाही. त्यांच्या जागी मीही सरले असते. लपवून खेळले म्हणून खंडोबाने शिक्षा केली, असंच मला वाटलं.

तेवढ्यात नातीचा खेळ बघायला आलेली एक म्हातारी मैदानात आली. तिने माझं डोकं मांडीवर घेतलं. कुणीतरी तिला सुतकाची आठवण करून दिली. ती म्हणाली, "मी किल्लारीची हाय. भूकंपात अख्खं गाव एकदम सुतकात व्हतं. न शिवता ढिगाऱ्यातून कोण कुणाला काढलं असतं?" इस्पितळापर्यंत ती जीपमध्ये माझ्यासोबत होती. तिचं नाव विचारायचं राहिलं.

डॉक्टरांनी आधी गुडघ्याचं नव्हे, झोपेचं आणि घरचं विचारलं. इतकं मनात घेऊन एकटीने खेळायला नको होतं, एवढंच ते बोलले. खंडोबाला तोवर मी फक्त यश मागत आले होते. त्या दिवशी त्याने न मागता माणूस पाठवलं, असं मी मानते. आता मागत नाही, हात जोडते.

आठव्या दिवशी, सुतक फिटायच्या आधी, आमची कर्णधार इस्पितळात आली. तिने माझी वेणी घातली. निवड यादी त्याच संध्याकाळी लागली. माझं नाव यादीत नव्हतं.