प्रेसवाली काकी

प्रेसवाल्या काकीला हळू बोलताच येत नसे. मयताच्या घरी तिने सांत्वनाला तोंड उघडलं, तरी बायका दचकून वर बघत. नवख्याला वाटे, ही भांडतेय.

आमची ओळख मुरबाडच्या एका कारखान्यात झाली. सीमेवर लढाई पेटली होती आणि तोफगोळ्यांसाठी लागणाऱ्या पत्र्याच्या पेट्यांची मागणी एकदम वाढली होती. पुरुष कामगार पुरेनात, म्हणून पहिल्यांदाच बायकांना घेतलं. मी शहापूरकडच्या शेतकरी घरातली, बारावी झालेली. काकी गावाबाहेरच्या पाड्यातली. दर दिवाळीनंतर बिऱ्हाड उचलून वीटभट्टीवर जाणारी. पत्रा दाबायच्या प्रेसवर बसायला कोणी धजेना. काकी पदर खोचून पुढे झाली. "भट्टीच्या आगीला नाय भ्याले, हिला काय भिऊ?" तेव्हापासून तिचं हे नाव पडलं.

त्या वर्षी बिऱ्हाड हललं नाही. नवऱ्याने गावातच मजुरी धरली आणि मुलगी सुमन पहिल्यांदाच मधे खंड न पडता शाळेत गेली. काकी डबा सोडताना रोज सांगे, "माझी सुमी चित्रं बघून नाय, अक्षरं वाचून सांगते!"

प्रेसचा धडाका दिवसभर चाले. कानाला लावायला कोणी काही दिलं नव्हतं. मी म्हटलं, "काकी, निदान कापूस तरी घाला."

"कापूस घातला तं मशीन बिघडल्याचा आवाज कसा येनार? बोटं जातील गो."

बोटं राहिली. कान गेले. आधी सुमनची हाक ऐकू येईना, मग कारखान्याचा भोंगाही.

लढाई थांबल्याची बातमी आली तेव्हा सर्वांत जास्त आनंद काकीलाच झाला. "लोकांची पोरं घरी येतील आता," असं ती सगळ्यांना ओरडून सांगत सुटली. पुढच्याच आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत साहेब आले आणि म्हणाले, "बायकांना सोमवारपासून काम नाही." बायका साहेबांभोवती गोळा झाल्या. काकी डबा धुऊन पुन्हा प्रेसकडे निघाली. मी धावत जाऊन तिच्या कानाशी ओरडले, "काकी, आपल्याला काढलं!"

"मला पन?" तिने विचारलं.

मी मानेनेच हो म्हटलं. ती तिथेच खाली बसली.

नंतर आम्ही दोघी दुसऱ्या कारखान्यांच्या दारात फिरलो. विचारलेलं तिला ऐकू येत नसे. माणसं हातानेच 'जा' म्हणत. मला एका दुकानात काम मिळालं.

दिवाळीनंतर ती मुरबाडच्या नाक्यावर दिसली. शेजारी गाठोडी, सुमन, आणि भट्टीवर न्यायला आलेला ट्रक. भर रस्त्यात तिने मला विचारलं, "परत लढाई लागनार हाय का गो?"

येणारे-जाणारे थांबून बघू लागले. मी मानेनेच नाही म्हटलं.

"बरं झालं," ती म्हणाली. मग माझा हात घट्ट धरून म्हणाली, "पर आमी काय करू?"

ट्रकवाला कधीचा हाका मारत होता. शेवटी सुमनने आईचा दंड धरून तिला ट्रककडे वळवलं, मोठं गाठोडं स्वतःच्या डोक्यावर घेतलं आणि आधी तिला वर चढवलं. ती पोर पुन्हा शाळेत गेली नाही.