बेसमेंटमधलं काडतुसाचं मशीन

दह्याचे रिकामे डबे फेकवत नाहीत आणि कपाटात साठत जातात, तसे आमच्या बेसमेंटचे किस्से साठलेत. इथे अमेरिकेत, शॉमबर्गमध्ये कुणाकडेही पॉटलक असो, जेवणं झाली की कुणीतरी म्हणतंच, "सुनंदा, ते बंदुकीचं सांग ना!" मी एक सांगते, त्याला लटकून दुसरा येतो. सगळे हसतात. मीही हसते, पण खरं सांगू? ऐंशीच्या दशकातली ती दोन वर्षं माझा जीव सतत टांगणीला होता. मी मुळात घाबरट बाई! हॉस्पिटलच्या लॅबमध्ये एक रिपोर्ट तीनदा तपासायची. आणि नवरा घरात काय करत होता, तर काडतुसं भरत होता.

*

सुरुवात शेजारच्या अर्लने केली. अर्ल सत्तरीचा, रिटायर्ड मेकॅनिक, अगदी कमी बोलणारा. तो एका शनिवारी आमच्या वसंतरावांना नेमबाजीच्या रेंजवर घेऊन गेला. ठाण्यात दिवाळीला फुलबाजीसुद्धा हात लांब करून धरणारा हा माणूस! परत आला तो लंच बॅग भरून पितळेच्या रिकाम्या पुंगळ्या घेऊन.

"सुनंदा, या फेकायच्या नसतात. धुवायच्या, परत भरायच्या. विकतच्या काडतुसाच्या निम्म्यात काम!"

अर्लकडे पुंगळ्या घासायला वेगळं यंत्र होतं. वसंतराव म्हणाले, "पितळच ना? मग चिंच!" झालं. डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी दुकानातून मी चिंच आणायला लागले. माझ्या पातेल्यात पुंगळ्यांचे घाणे भिजायचे. दुकानदार सुद्धा विचारायला लागला, "बहेनजी, इतनी इमली?"

ही बातमी डेव्हनवरून मंडळाच्या बायकांपर्यंत पोचली. कोजागिरीला मालतीबाईंनी माझ्या हातातलं दुधाचं पातेलं काढून घेतलं, मला खुर्चीत बसवलं आणि कानात म्हणाल्या, "चिंच फार खातेस म्हणे! कितवा?"

मला वाटलं, घाणा विचारतायत. म्हटलं, "सातवा."

माझं वय तेव्हा बेचाळीस. मालतीबाईंनी माझ्याकडे वरून खालपर्यंत पाहिलं. "दिसत नाही गं अजिबात!"

*

ठाण्याहून सासूबाईंचा फोन म्हणजे तेव्हा मोठी गोष्ट. कॉल बुक करायचा, तीन मिनिटं मिळायची, त्यातलं एक मिनिट "हॅलो, हॅलो" करण्यात जायचं.

"वसंता कुठाय?"

"खाली बेसमेंटमध्ये आहेत, आई. दारू भरतायत."

"काय? तिकडे आत्ता दुपार आहे ना गं?"

"दर शनिवारी हेच! शेजारचा अर्ल पण येऊन बसतो. मला फार भीती वाटते हो. एक दिवस काहीतरी होऊन बसेल!"

आणि लाइन कट! माझ्या डोक्यात बंदुकीची दारू. त्यांच्या डोक्यात कुठली, ते मला तीन आठवड्यांनी कळलं. त्यांचं पाकीट आलं, त्यात अंगाऱ्याची पुडी होती आणि चिठ्ठी: "ताकातून देत जा. एकवीस दिवसांत सुटते. शेजाऱ्यालाही दे, त्याच्याही घरी बायको असेल."

वसंतरावांनी आईच्या शब्दाखातर एकवीस दिवस ताक प्यायलं. दारू काही सुटली नाही.

*

आता हसू येतं, पण व्हॅक्यूमचा दिवस आठवला की अजून देवाला हात जोडते.

बाकावर भरायच्या दारूचा डबा लवंडला होता. काळे बारीक कण, फरशीभर. वसंतराव खाली बसून कार्डाच्या तुकड्याने एकेक कण गोळा करत होते. मला कचरा बघवत नाही. मी व्हॅक्यूम आणला, प्लग लावला आणि बटणाकडे हात नेला.

अर्लला मी कधी भरभर चालतानाही पाहिलं नव्हतं. त्या दिवशी तो स्टुलावरून उडाला, अक्षरशः उडाला, आणि प्लग भिंतीतून उपटून काढला. मोटरच्या ठिणगीने काय झालं असतं, ते त्याने सांगितलं नाही. कोपऱ्यातून झाडू आणला, माझ्या हातात दिला.

"मॅम," म्हणाला, "ब्रूम."

गॅसच्या वॉटर हीटरची ज्योत त्याच बेसमेंटमध्ये होती, हे मला त्यानंतर आठवलं. मी तीन दिवस जेवले नाही. चौथ्या दिवशी वसंतरावांनी दारूचा डबा हीटरपासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात नेला आणि मध्ये विटांची भिंत रचली. मग मी थोडं वरण-भात घेतलं.

*

मग त्यात आले प्रभाकरभावजी. नागपूरचे, कन्व्हेयर बेल्टवाल्या फॅक्टरीत इंजिनिअर, वसंतरावांचे कॉलेजमित्र. हात शिवशिवणारा माणूस.

तुम्हाला मशीन समजावून सांगते, फार अवघड नाही. एक गोल थाळी असते, तिच्यात पुंगळ्या उभ्या. दांडा ओढला की थाळी एक घर पुढे सरकते. एका घरात ठिणगीची टिकली बसते, पुढच्यात दारू पडते, त्यापुढे शिसं बसतं. दर ओढीला एक काडतूस तयार होऊन टोपलीत पडतं. प्रभाकरभावजींनी पाहिलं आणि म्हणाले, "वसंतराव, हात कायले दुखवता? मोटर लावू ना बाप्पा!"

भंगारातल्या गाडीची वायपरची मोटर आणली. सायकलची चेन लावली. दांडा आपोआप वर-खाली! अर्ल बघत राहिला. तो फक्त एवढंच म्हणाला, "हं."

दसऱ्याला मी मशीनला हळद-कुंकू वाहिलं, फूल वाहिलं, अक्षता टाकल्या. भीतीपोटीच वाहिलं, म्हटलं बाबा रे, शांत राहा. दुसऱ्या दिवशी मशीन बंद! दोघे इंजिनिअर दोन दिवस डोकं लावून बसले. वायरिंग उकललं, चेन काढली, सर्किटचं चित्र काढलं. शेवटी अर्लने चिमटा घातला आणि थाळीखालून तांदळाचा एक दाणा काढून बाकावर ठेवला.

वसंतरावांनी मोठ्या अभिमानाने पूजेची माहिती दिली. अर्लने ऐकून घेतलं आणि विचारलं, "अनकुक्ड?"

*

आता जे सांगते ते माझ्यामुळे झालं. लोक याला सगळ्यात जास्त हसतात.

माझं माहेर बार्शीचं, वडिलांचं किराण्याचं दुकान. आमच्याकडे चालत्या गोष्टीला 'बंद कर' कधी म्हणायचं नाही. दुकान 'वाढवायचं'. बांगडी फुटली तर 'वाढली'. ती सवय माझ्या जिभेवरून गेलीच नाही. टीव्ही वाढवा, शिलाई मशीन वाढवा, सगळं वाढवा! वसंतरावांना ते पाठ होतं.

एका शनिवारी दुपारी मशीन चालू होतं, अर्ल स्टुलावर बसला होता. वसंतराव बाकाखाली घुसून पडलेला वॉशर शोधत होते, स्पीडच्या बटणावर हात प्रभाकरभावजींचा. मी जिन्यावरून ओरडले, "पानं वाढलीयत, आता वाढवा!"

जेवायला बसलो. प्रभाकरभावजी खुशीत. "वहिनी, तुम्ही म्हटलं आन् मी फुल स्पीड केलं! पाच मिनिटांत टोपली भरली."

"मी बंद करा म्हटलं!"

"वाढवा म्हटलं ना तुम्ही!"

वसंतरावांचा घास हातातच राहिला. त्या वेगात थाळी कधी अडकली, तर दांडा एकाच पुंगळीवर दोनदा येणार. दोनदा दारू पडणार. बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही. वजन करून कळत नाही, कारण पितळेचं वजनच कमी-जास्त असतं. असं काडतूस उडवलं तर पिस्तूल हातात फुटू शकतं. बोटं जातात, डोळा जातो.

"टोपलीला कुणी हात लावू नका," वसंतराव म्हणाले.

"अर्लने लावला," प्रभाकरभावजी हळूच म्हणाले. "तुम्ही हात धुवायला गेले तवा पन्नासाचा बॉक्स भरला त्याने. मागच्या दारानं गेला."

घड्याळात अडीच. अर्ल दर शनिवारी तीनला रेंजवर असायचा.

*

मार्थाला, म्हणजे अर्लच्या बायकोला, फोन केला. "ही जस्ट लेफ्ट, हनी." मोबाइल वगैरे कुठले तेव्हा! निघालो तसेच, उष्ट्या हातांनी. वसंतराव ड्राइव्ह करत होते. माझे सगळ्या देवांना नवस बोलून झाले. अर्लचे हात डोळ्यांपुढून जाईनात. माझ्या अंगणातलं बर्फ उडवायचं स्नो ब्लोअर दर हिवाळ्यात त्याच हातांनी सुरू व्हायचं. आणि एका शब्दासाठी! माझ्या एका शब्दासाठी!

रेंजच्या पार्किंगमध्येच आवाज ऐकू यायला लागले. ठो. ठो. प्रत्येक आवाजाला मी थांबायची, मग पळायची. आत अर्ल उभा, कानांवर मफ्स, पिस्तूल उचललेलं. माझ्या तोंडून काय निघावं?

"वाढवा! अहो अर्ल, वाढवा!"

तिथल्या अधिकाऱ्याने शिट्टी मारली, सगळी रेंज थांबली. वीस अमेरिकन माणसं एका साडीवाल्या बाईकडे बघत होती. वसंतरावांनी धापा टाकत अर्लला सगळं सांगितलं. अर्लने समोरचा बॉक्स फिरवून दाखवला. दुकानातला होता.

"आमचा कुठाय?"

"घरी."

संध्याकाळी तो आम्हाला त्याच्या बेसमेंटमध्ये घेऊन गेला. फळीवर आमचे सगळे बॉक्स होते, वर्षभराचे. माझ्या अक्षरातल्या चिठ्ठ्या लावलेले, एकावर एक नीट रचलेले. एकही उघडलेला नव्हता.

"दुसऱ्याने भरलेलं मी उडवत नाही," अर्ल म्हणाला. "माझ्या वडिलांनी शिकवलंय."

मी तिथेच पायरीवर बसले आणि रडले. सुटले हो सुटले! वसंतरावांचा मात्र चेहरा पडला. "पण तू दर वेळी काडतुसं घेऊन 'फाइन ॲमो, वसंत' म्हणायचास?"

अर्लने थोडा विचार केला. "वेल," म्हणाला, "इट लुक्ड फाइन."

*

मग त्या टोपलीतली सगळी काडतुसं आम्ही फोडली. त्यासाठी एक प्लास्टिकची हातोडी मिळते. काडतूस तिच्यात अडकवून आपटायचं, की शिसं सुटतं आणि दारू बाहेर येते. ठक, बघायचं, बाजूला ठेवायचं. ठक, बघायचं. टोपलीत काही सापडलं नाही. प्रभाकरभावजी म्हणाले, "पाहा, उगाच घाबरले तुम्ही!"

अर्लने नेलेला पन्नासाचा बॉक्स शेवटी घेतला. एकतिसाव्या काडतुसातून दारू आली ती येतच राहिली. दुप्पट होती. वसंतरावांनी ती दारू वाटीत घेऊन प्रभाकरभावजींसमोर ठेवली. मग उठून त्यांनी मोटर काढली, चेन काढली आणि दोन्ही प्रभाकरभावजींच्या गाडीत नेऊन ठेवली.

महिनाभर ते बेसमेंटमध्ये उतरले नाहीत. ऑफिसातून यायचे, सोफ्यावर बसायचे. मला वाटायचं, सुटलं एकदाचं. आणि त्यांच्याकडे बघून वाईटही वाटायचं. शेवटी मीच म्हटलं, "अहो, हाताने भरा की. मी बघते."

पन्नास भरली. एकेक पुंगळी दिव्याखाली. आधी ते आत बघायचे, मग मी बघायची, मग शिसं. माझ्या लॅबमध्ये करतात तसं चिठ्ठीवर दोघांच्या सह्या केल्या. शनिवारी रेंजवर नेली. मी आयुष्यात दुसऱ्यांदा तिथे गेले होते. वसंतरावांनी पिस्तूल काढलं, बॉक्स उघडला. पण बसेना काडतूस. दोनदा खाली पडलं.

अर्ल शेजारच्या बाकावर होता. त्याने आपला दुकानातला बॉक्स मिटला. आमच्या बाकाशी आला, चिठ्ठीवरच्या सह्या वाचल्या. मग आमच्या बॉक्समधून सहा काडतुसं उचलली आणि स्वतःच्या रिव्हॉल्व्हरमध्ये भरली.

"अर्ल, नो!" मी म्हटलं. "युवर फादर..."

त्याने मफ्स कानांवर ओढले. मी डोळे मिटले, वसंतरावांचं मनगट घट्ट धरलं. एक. दोन. तीन. चार. प्रत्येकाला माझी नखं त्यांच्या हातात रुतत होती. पाच. मग कितीतरी वेळ काहीच नाही. सहा.

डोळे उघडले. अर्लचे दोन्ही हात जागेवर होते. त्याने चष्मा वर केला, लांबच्या निशाणाच्या कागदावर मधल्या ठिपक्याखाली पडलेल्या सहा भोकांकडे डोळे बारीक करून पाहिलं आणि वसंतरावांकडे वळला.

"शूट्स लो," म्हणाला.