डाव्या दंडावरचा व्हॉल्व्ह

आमच्याकडं पाण्याची खोली परसात मोजतात. एक परस म्हणजे एक उभा माणूस. जॅकवेलजवळच्या डोहात अजून सहा परस पाणी आहे, असं त्या दुष्काळात कुणी म्हणालं की मला पाण्याखाली एकाच्या डोक्यावर एक अशी उभी सहा माणसं दिसायची. सगळ्यात खालच्याचं तोंड बघायचं मी टाळत असे.

दादा, माझा थोरला भाऊ, उपसा सिंचन सोसायटीत फिटर होता. मी हायस्कुलात ग्रंथालय सांभाळायचो. ऐंशीच्या दशकातला तो हिवाळा. तळं आटून त्या डोहापुरतं उरलं होतं. जॅकवेल म्हणजे पंप जिच्यातून पाणी ओढतो ती विहीर. तिची वरची तोंडं उघडी पडली होती आणि तळाच्या तोंडावरच्या जाळीत चिंध्या नि बाभळीच्या फांद्या अडकल्या होत्या. गावातले पोहणारे बुडी मारून आले. खाली पाणी इतकं गार, की बोटं वळेनात. एका दमात जाळी सुटणार तरी कशी?

सोसायटीनं मुंबईच्या जुन्या बाजारातून एक रबरी पोशाख आणला. अंगाला पाणी लागू न देणारा, गळ्याशी आणि मनगटांशी घट्ट. सोबत श्वासाचा सिलिंडर आणि तोंडावरची काच. शिकवायला आलेला पाणबुड्या दोन दिवस दादाला शिकवून, तापानं फणफणत परत गेला. मागं राहिली एक इंग्रजी पुस्तिका, आणि ती वाचणारा मी.

खोल गेलं की पाणी पोशाखातली हवा दाबतं, थंडी हाडात शिरते, रबर कातडीला चिमटे घेतं. म्हणून छातीवरच्या व्हॉल्व्हमधून थोडी थोडी हवा आत घ्यायची. वर येताना तीच हवा फुगते. तेव्हा डावा हात उंच करून दंडावरच्या व्हॉल्व्हमधून ती सोडून द्यायची. नाही सुटली तर ती पायांत चढते आणि माणूस उलटा वर फेकला जातो. हे मी दादाला इतक्यांदा वाचून दाखवलं, की तो म्हणाला, "मास्तर, आता बास. परीक्षा पाण्यात हाय, वर्गात न्हाय."

पोशाखात हवा भरायची छोटी बाटली मात्र आलीच नव्हती. दादानं विहिरी पाडणाऱ्याचा ट्रॅक्टरवरचा कॉम्प्रेसर मागून आणला. गाड्या रंगवायच्या दुकानातला दाब कमी करायचा नॉब मध्ये बसवला आणि नळी छातीच्या व्हॉल्व्हला जोडली. आदल्या दिवशी दुपारी आमच्या अंगणात चाचणी झाली. गळ्यात पितळी तांब्या आणि मनगटांत दोन बाटल्या कोंबून आम्ही पोशाख बाजेवर आडवा टाकला. कॉम्प्रेसरवाल्यानं हवा सोडली. आधी पोट वर आलं, मग एक पाय. मग दोन्ही हात सावकाश उचलले गेले आणि तसेच राहिले. आतून डिझेलचा वास येत होता. कुठं हवा गळते ते बुडबुड्यांवरून कळावं म्हणून मी साबणाचं पाणी घेऊन त्याचे खांदे, काखा, मांड्या चोळू लागलो.

आई दारात आली आणि तिथंच थांबली.

"कुणाला न्हाऊ घालतुयास रं?"

"पोशाखाला, आई. गळतो का बघतोय."

"मग दक्षिणेकडं पाय करून? फिरव आधी त्याला."

कॉम्प्रेसरवाला हसला. "आजी, रबराला कसली आलीय दिशा?"

"तू गप. तुजा कोन जानार हाय त्यात?"

आम्ही बाज फिरवली. हसणारा कॉम्प्रेसरवालाही हात लावायला आला.

संध्याकाळी आईनं माझ्या हातात पिराच्या दर्ग्यातला काळा धागा ठेवला. "त्याच्या अंगाला बांधला तर फेकून दील. त्या कपड्याला बांध. डाव्या दंडाला." माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. नाही म्हणवलं नाही, एवढंच.

सकाळी पिंपांच्या तराफ्यावर दादा काच पुसत होता, तेव्हा मी मागून धागा बांधला. ओल्या रबरावरून घसरू नये म्हणून दंडावरच्या व्हॉल्व्हच्या चकतीवरून तीन वेढे घेतले आणि गाठ मारली. इतक्यांदा वाचलेलं पान त्या क्षणी मला आठवलं नाही.

तो गेला. त्याच्या कमरेचा दोर माझ्या हातात होता. बुडबुडे येत राहिले, एका जागी, बराच वेळ. काठावर कॉम्प्रेसर धडधडत होता, तरी पाणी गप्प असल्यासारखं वाटत होतं. मग दोर ढिला पडला. ओढला तर नुसताच हातात येऊ लागला.

पाण्यातून आधी बूट आले. दोन काळे बूट, तळवे आभाळाकडं. मागून फुगलेले, जाड, न हलणारे पाय. आत कुणी नाही, कालचाच तो रिकामा पोशाख आहे, असं मला क्षणभर खरंच वाटलं. काठावरची माणसं मागं सरली. तराफ्यावर आलेला कॉम्प्रेसरवाला तेवढा माझ्याबरोबर वाकला. आम्ही दादाला सुलटा केला, वर ओढला. गळ्याचं रबर बोटांनी ताणलं तशी आतली हवा लांब उसासा टाकत बाहेर आली. मग दादा खोकला.

बराच वेळ तो पालथा पडून होता. मग माझ्याकडं न बघता, मला एकट्याला ऐकू जाईल असं म्हणाला, "मास्तर, पुस्तकात दोऱ्याचं काय लिवलंय?"

त्यानं डावा हात पुढं केला. गाठ सुटेना, मी दातांनी तोडली. धागा खिशात टाकला. मी नको म्हणत असताना तो तासाभरानं पुन्हा उतरला, आणि या खेपेला डोक्याकडून वर आला. जाळी मोकळी झाली. दुपारी पंपानं पाणी धरलं.

जेवताना आईनं विचारलं, "धागा बांधला होतास न्हवं?"

"व्हय."

"म्हनून आला वर."

दादा भाकरी कुस्करत राहिला. आई असेपर्यंत आम्ही दोघांनी तिला काही सांगितलं नाही. तिच्यामागंही आपसात कधी बोललो नाही. उलटा वर आला तेव्हा त्याचा डावा कान फुटला होता; त्या कानानं त्याला पुढं ऐकू कमीच येई, आणि मी नेहमी दुसऱ्या बाजूला बसत असे.

दादा गेला त्याला आता तीन महिने होतील. घरीच गेला, पहाटे झोपेत. आंघोळ घालायला त्याला अंगणात घेतलं तेव्हा डाव्या दंडावर काळा धागा दिसला. आजारपणात सूनबाईनं बांधला असणार. अंगावर सूज होती, धागा आत रुतला होता. मी कात्री मागितली.

"राहू द्या की काका, आता काय त्याचं," कुणी तरी म्हणालं.

"घट्ट झालाय," मी म्हणालो.

तो कापला. मग त्याचा डावा हात थोडा वर उचलून धरला, आणि पाणी ओतायला सांगितलं.