मधलं पद राहिलं

गुरुजींनी गोमूत्राची बाटली माझ्याच हातात दिली. "तू बोललीस ना? मग तूच शिंपड. उभी होतीस तिथून सुरुवात कर."

गोदावरीकाठच्या त्या वेदपाठशाळेचं अंगण मी नऊ वर्षं झाडलं. त्या दिवशी पाहुणे आले होते, पाठांतराची जुनी रीत मोबाइलवर टिपायला. गुरुजी त्यांना सांगत होते, कागद नव्हता तेव्हापासून एक अक्षर हललेलं नाही. रीत पक्कीच आहे. गुरू एकदा म्हणतो, शिष्य दोनदा. मग दोन-दोन पदं सुलटी, उलटी, पुन्हा सुलटी. शब्द निसटायला फट राहत नाही. ती रीत माझ्याही कानात मुरली. झाडताना कान काय उंबऱ्यावर काढून ठेवायचे होते?

सगळ्यात हुशार शिष्य, चांगला मिशा फुटलेला, पाहुण्यांसमोर फडाफडा म्हणत सुटला आणि एक पद गाळलं. गुरुजी कौतुकात दंग. मला अर्थाचा गंध नाही, खोटं कशाला बोलू? पण रोजची चाल ठेचकाळलेली कळतेच. तोंडून निघून गेलं, "मधलं पद राहिलं, गुरुजी."

शिष्याने मान खाली घातली. म्हणजे माझं बरोबर होतं. तरी बाटली माझ्या हातात. पाहुण्यांनी मोबाइल खाली केले. माझ्या हातचं झाडलेलं अंगण यांना चालतं आणि माझ्या तोंडचं खरं बाटवतं. अंगाची नुसती आग झाली.

बाटली गुरुजींच्या पाटाशी ठेवली. "चुकले ते तुमचे शिष्य. शिंपडायचं तर त्यांच्यावर शिंपडा. मी नाय शिंपडणार." झाडू तिथेच टाकून निघाले.

आता सातपूरला एका कारखान्यात पॅकिंगला आहे. ठेकेदार दरवर्षी कराराचा कागद घाईघाईने वाचतो आणि आम्हा बायकांचे अंगठे घेतो. गेल्या वर्षीच्या कागदाची प्रत मी मागून घेतली. माझी लेक एक ओळ एकदा वाचते, आम्ही दोनदा म्हणतो. सुलटी, उलटी, सुलटी. पहिल्या दिवशी बायका हसल्या. आता पोळ्या लाटतानाही म्हणतात. कामाचे तास, सुट्ट्या, बाळंतपण, सगळं तोंडपाठ. रीत कुणाच्या का बापजाद्यांची असेना, तोंडं आमची आहेत.

सोमवारी नवा कागद वाचणार आहेत. बाळंतपणाची ओळ कागदावर असते, पण वाचताना ठेकेदार ती दरवर्षी गिळतो, हे आता आम्हाला कळलंय. यंदा गिळली की मी उभी राहणार आणि तेच म्हणणार. मधलं राहिलं. मागून तीस बायका ती ओळ म्हणतील, आणि तो ती मोठ्याने वाचून दाखवेपर्यंत एकही अंगठा उठणार नाही.