घर विकायला वेळ लागतो

सुरुवातीलाच माफी मागतो. घर विकण्याबद्दल मी लिहावं हा आगाऊपणाच आहे. आमच्याकडे कोणी कधी घर विकलं नाही आणि विकत घेतलंही नाही. बाबांनी आणि मोठ्या काकांनी मिळून मातीच्या भिंती उभ्या केल्या, वर कवेलू टाकले आणि आम्ही राहायला लागलो. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे गावात कोणाचा अर्ज असो की लग्नपत्रिकेचा मजकूर, लिहायचं काम माझ्याकडे येतं. पण स्वतःचं काही लिहायची सवय नाही. तरीही गोंदियातलं एक घर विकायला इतका वेळ का लागला हे मला अलीकडेच कळलं, आणि ते कुठेतरी लिहून ठेवल्याशिवाय चैन पडेना.

ते घर काकींचं. काकी आमच्या नात्यातल्या नाहीत. धान निघालं की बाबा त्यांच्याकडे वर्षभराचा तांदूळ पोचवायचे, तेवढीच ओळख. काकींचे यजमान वारले होते, मुलगा रायपूरला नोकरीवर, आणि एवढ्या घरात त्या एकट्या. बारावी झाल्यावर मला गोंदियाच्या कॉलेजात सायन्सला प्रवेश मिळाला. आमचं गाव देवरीच्या पुढे, हायवे सोडून आत. प्रॅक्टिकल संपेपर्यंत गावाकडची शेवटची बस निघून जायची. म्हणून बाबा मला घेऊन काकींच्या दारात उभे राहिले.

फाटकावर पाटी होती, ‘मकान बेचना है’. बाबांना वाचता येत नाही, आणि मी त्यांना वाचून दाखवलं नाही.

“पीछे का कमरा खाली है,” काकी म्हणाल्या. “पर देख लो भैया, मकान बिकाऊ है. जिस दिन बिका, उस दिन लडके को सामान उठाना पडेगा.”

“अन् भाड्याचं कसं, काकी?” बाबांनी विचारलं.

“किराया क्या करना है? चावल लाते हो ना, लाते रहो.”

अशी खोली मला गोंदियात दुसरी मिळाली नसती. म्हणजे घर विकलं गेलं की माझं कॉलेज संपलं, हा हिशेब मला पहिल्याच रात्री कळला. फाटक वाजलं की मी आधी खिडकीतून कोण आलं ते बघायचो.

काकी प्रेमळ होत्या असं लिहिलं तर त्या स्वतःच हसतील. सकाळी सहाला त्यांचा आवाज यायचा. “अरे ओ पढनेवाले! टंकी भर गई, मोटर कौन बंद करेगा? तेरा प्रिन्सिपल?” माझी भाजी करपली की त्या खिडकीतून म्हणायच्या, “आज लॅब घर पे ही लगा दी क्या?” आणि थोड्या वेळाने त्यांच्याकडची वाटी माझ्या दाराशी यायची. त्यावर काही बोलायचं नसतं, हे मी लवकर शिकलो.

पहिल्या वर्षीच्या दिवाळीआधी एक गिऱ्हाईक आलं. रेल्वेत काम करणारा माणूस, बारीक मिशी, सोबत दोन मुली. त्याने घर पाहिलं, मागचा पेरू पाहिला, माझी खोलीही पाहिली. “हा कोण?” असं विचारलं. काकी म्हणाल्या, “किरायेदार. बीएस्सी कर रहा है.” मग दोघं समोरच्या खोलीत बराच वेळ बोलत बसले. मी पुस्तक उघडून बसलो होतो, पण एक ओळ वाचली गेली नाही. तो गेल्यावर काकी आल्या आणि म्हणाल्या, “मुंह काहे लटकाया है? मकान बिकने में टाइम लगता है.”

काही दिवसांनी फाटकावरची पाटी निघाली. मी विचारलं, तर म्हणाल्या की दलाल लोक फार त्रास देतात.

त्यानंतर दुसरं कोणी आलं नाही. तोच माणूस अधूनमधून यायचा. कधी बायकोला आणायचा, कधी मेव्हण्याला, कधी टेप घेऊन भिंती मोजायचा. मला वाटायचं, भाव तोडायला येत असेल. पण जाताना माझ्या खोलीशी न चुकता थांबायचा.

“काय बाबू, अभ्यास चालू आहे ना?”

“हो.”

“सारे पेपर निघाले ना मागचे?”

“निघाले. सगळ्यांत पास.”

“बस्स! मस्त!” म्हणून तो खरोखर खूश होऊन जायचा. इतकी चौकशी माझ्या सख्ख्या मामानेही कधी केली नव्हती.

रायपूरहून मुलाचा फोन यायचा. काकी स्पीकर लावूनच बोलायच्या. “अम्मा, कब आ रही हो?” “आऊंगी रे, बात चल रही है. मकान बिकने में टाइम लगता है.” त्याच वर्षी तिकडे नात झाली. काकी मोबाइल भिंतीला टेकवून तिला पाहत बसायच्या. ती पालथी पडली, रांगली, सगळं त्यांनी त्या काचेतच पाहिलं. एकदा मला हाक मारून दाखवलं. “देख, दौडने लगी!” पोरगी धावत फोनजवळ आली आणि कॅमेऱ्यावर हात ठेवून दिला. मग नुसताच अंधार. काकी तरी पाहतच होत्या.

दुसऱ्या वर्षी फिजिक्सचा एक पेपर राहिला. काकींना सांगितलं, तर त्यांनी हातातली पोळी तव्यावर तशीच सोडली. “फेल? किसके भरोसे फेल हुआ तू?” मला तो प्रश्नच कळला नाही. दोन दिवस माझ्या दाराशी वाटी आली नाही. तिसऱ्या दिवशी माझा टेबल उचलायला लावून त्यांच्या वऱ्हांड्यात मांडला, स्वतःच्या नजरेसमोर. त्यांची संध्याकाळची मालिका चालू असायची, पण आवाज बंद करून. मी विचारलं, “काकी, समजतं काय असं?” त्या म्हणाल्या, “सास है, बहू है, रो रही है. इसमें समझना क्या है? तू अपना देख.”

त्याच आठवड्यात तो रेल्वेवाला आला. काकींनी त्याला बातमी दिली. तो वऱ्हांड्याच्या पायरीवरच बसला.

“कोणता विषय?”

“फिजिक्स.”

“अन् आता?”

“हिवाळ्यात परत देता येतो.”

“म्हणजे वर्ष नाही ना जात?”

“नाही.”

त्याने रुमालाने मान पुसली आणि काकींना चहा मागितला. परका माणूस, पण माझी किती काळजी करतो, असं मला वाटलं. त्या हिवाळ्यात तो पेपर निघाला.

तिसऱ्या वर्षी बाबा नेहमीसारखे तांदळाचे दोन कट्टे, म्हणजे पोती, घेऊन आले. गोंदियात लोक वर्षाचा तांदूळ एकदाच भरतात. काकींच्या ड्रममध्ये तांदूळ पडला की त्या पुढच्या धानापर्यंत कुठे जात नाहीत, एवढी खात्री मला आतापर्यंत झाली होती. पण या वेळी त्यांनी एकच कट्टा उतरवून घेतला.

“एक बस है. दूसरा ले जाओ, भैया.”

कट्टा खांद्यावर घेऊन बाबा बसस्टँडपर्यंत आले. मग म्हणाले, “काऊन रे, काकीले आपला तांदूळ आवडला नाही काय? एक कट्टा वापस कायले देते?”

मी म्हणालो, “बाबा, आता घर विकून राहिले वाटते.”

“मंग तू?”

बस लागली होती. तो कट्टा बाबांनी पुन्हा बसमध्ये चढवला. त्यानंतर मी मित्रांना खोल्या विचारत फिरलो. एकाने हॉस्टेलच्या जिन्याखालची जागा दाखवली. पण हिवाळा गेला, उन्हाळा आला, आणि कोणी सामान उचल म्हटलं नाही. परीक्षा सुरू झाली. रोज सकाळी काकी दह्याची वाटी द्यायच्या आणि वर “पेन लिया क्या, या वो भी मैं दूं?” असं विचारायच्या.

शेवटचा पेपर झाला. पुढच्याच आठवड्यात दारात छोटा ट्रक उभा राहिला. मी आणि ड्रायव्हरने मिळून सामान चढवलं. ड्रमच्या तळाशी पायलीभर तांदूळ उरला होता, तो काकींनी पिशवीत घालून माझ्या हातात दिला. मी पाया पडलो. “येतो काकी,” म्हणालो. त्या म्हणाल्या, “नसीब वाला है तू. मकान जल्दी बिका नहीं.”

मीही तेच खरं मानलं. गावी आलो, निकाल लागला, पास झालो. काकींना फोन केला, तर मागे नात ओरडत होती. “बाद में कर, इसको नहलाना है,” म्हणून त्यांनी ठेवून दिला.

मागच्या महिन्यात मार्कशीट घ्यायला गोंदियाला गेलो आणि पाय आपोआप त्या गल्लीकडे वळले. घराला नवा रंग लागला होता. रेल्वेवाला पेरूखाली सायकल धूत होता. मला पाहून त्याने पाण्याचा पाइप खाली टाकला.

“अरे बाबू! निघाले काय सारे?”

“निघाले. पास झालो.”

आतून त्याची बायको आली. “कोण आहे जी?” मग माझ्याकडे नीट पाहून म्हणाली, “हाच काय तो फिजिक्सवाला?”

माझा विषय तिला कसा ठाऊक, ते कळेना. मी विचारलं. ते दोघंही हसायला लागले.

“ठाऊक नाही म्हणता? तुमच्या त्या पेपरापायी मी नवस बोलली होती,” ती म्हणाली. “पुन्हा राहिला असता तर आणखी किती दिवस त्या भाड्याच्या खोलीत काढावं लागलं असतं, देव जाणे. बसा, चहा ठेवते.”

ती आत गेली. “माझ्या पेपरासाठी नवस?” मी त्याला विचारलं.

“काकीनं तुले सांगितलं नाही काय?” तो म्हणाला. “घराचं तर पहिल्याच दिवशी पक्कं झालं होतं, बाबू. तू आत पुस्तक घेऊन बसला होता ना, तवाच. भावाचं बोलणं दहा मिनिटांत झालं. बाकीचा वेळ मी चाबी कधी देता म्हणून विचारत होतो, अन् काकी एकच सांगत होती, चाबी लडके के आखरी पेपर के बाद.”