उलटा नमस्कार

बारामतीत आमच्या डॉक्टरांना पाटीवरच्या नावानं कुणी ओळखत नसे. ‘उलट्या नमस्काराचे डॉक्टर’ म्हटलं, की टांगेवाला थेट त्यांच्या दारात नेऊन सोडी. हाताला मुंग्या येतात म्हणून कुणी आलं, की ते दोन्ही पंजे पाठीला पाठ लावून, बोटं जमिनीकडं करून धरायला लावत आणि खुशाल पिकापाण्याच्या गप्पा मारत बसत.

मी छप्पन साली बी. ए. झालो. घरातला पहिलाच, सांगताना आजही छाती फुगते. त्याच साली आईचा उजवा हात बिघडला. रात्री मुंग्यांनी जाग येई, मग हात झटकत बसे. सकाळी धार काढताना चरवी सुटे. भावकीनं लकवा ठरवूनच टाकला. आईला मरणाचं भय नव्हतं, त्या हाताचं होतं. त्याच हातानं धारा काढून तिनं मला शिकवलं होतं.

आमच्या गावाहून, वरकुट्याहून, तिला बारामतीला नेलं, तर तो नमस्कार बघूनच ती अडून बसली. “असा नमस्कार मेल्यालाबी करत न्हाईत. मी न्हाय करायची.”

डॉक्टर खुर्ची सोडून तिच्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी स्वतःच हात उलटे जोडले. “करा मावशी. अपशकुन झाला तर दोघांना मिळून होईल.”

आईला हसू फुटलं. तिनं हात जोडले. म्हैस कुठल्या बाजारातली, मारकी आहे का, असं ते विचारत राहिले. सांगता सांगता आई थांबली. “आल्या की वो मुंग्या.”

अंगठा आणि शेजारची दोन बोटं तिनं दाखवली.

“आणि करंगळी?”

“तिला काय न्हाय.”

“मग लकवाही नाही. लकवा असा करंगळी वगळून येत नसतो. मनगटात नस आवळलीय.”

रात्री मनगटाला बांबूची कामटी बांधायची, एवढाच उपाय. आणि धारा? त्यांनी माझ्याकडं पाहिलं. “हे ग्रॅज्युएट काढतील.”

काढल्या. पारावर माझं नाव ‘बी. ए. धारवाले’ पडलं. म्हैस पान्हा चोरायची आणि आई शेजारी उभी राहून माझ्या चुका काढायची. दिवाळीच्या सुमारास तिनं चरवी माझ्या हातातून ओढून घेतली. “सर तिकडं. म्हस आटवशील.”

पुढं डॉक्टर बारामती सोडून निघाले, तेव्हा आई लोणी घेऊन निरोपाला आली. त्यांनी हात जोडले. आईनंही जोडले, पण उलटे, आणि तसेच धरून ठेवले. बाहेर टांगा खोळंबला होता.

“बघा,” ती म्हणाली, “एकबी मुंगी न्हाय.”

डॉक्टरांनी आपलेही हात उलटे केले.